रऊफच्या डिस्कची प्रत

शनिवार, ५ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचा पोर्ट फुआदला. आमच्या तांता गावाहून सकाळची बस, मग पोर्ट सईदच्या धक्क्यावरून फेरीबोट. कालवा ओलांडायला तिकीट लागत नाही, पण सीगल आपला कर वसूल करतात. एकाने माझ्या हातातली अर्धी भाकरी पळवली. म्हटलं, घे बाबा, तुझ्याही घरी पोरंबाळं असतील.

ही वही नशवाने दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी आठवडाभर बाहेर, आणि बाईसाहेबांचे दिवस भरत आलेले. म्हणाली, रोज लिही, लेक मोठी झाली की वाचेल, बाप काम करायचा, नुसता चहाच्या दुकानात बसायचा नाही. लेकच आहे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. नावही ठरलंय. पण ते इथे लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. जन्माआधी नाव बोललं किंवा लिहिलं की दृष्ट लागते म्हणे. आम्हा दोघांखेरीज सासूलाही पत्ता नाही. शुक्रवारी दुपारी जेवायला घरी येतो, असा शब्द देऊन निघालोय. तांत्याची जत्राही सुरू होईल, तिला भाजलेल्या चण्यांचा हलवा हवाय.

घर झकास आहे. उतरत्या कौलांचा बंगला, लाकडी व्हरांडा, मागे पेरूची झाडं. मालकीण इन्साफबाई, हज करून आलेल्या म्हणून सगळे हाज्जा म्हणतात. यजमान कालव्यातून जहाजं नेणारे कप्तान होते, ते गेले. एकुलता एक मुलगा रऊफ, तोही गेला, वीस वर्षांपूर्वी, फेरीबोटीवरून कालव्यात पडून. त्या दिवशी तो कॉम्प्युटर चालू ठेवून बाहेर पडला होता. हाज्जांनी तो कधी बंदच केला नाही. वीस वर्षं. या वसंतात त्याचा मदरबोर्ड जळला. पोर्ट सईदच्या दुकानदारांनी सांगितलं, भंगारात टाका. डिस्क घराबाहेर न्यायची हाज्जांची तयारी नाही, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मीच इथे, रऊफच्याच खोलीत, रऊफच्याच पलंगावर.

फोनवर त्यांनी माझं वय विचारलं होतं, उंची विचारली होती, आई आहे का विचारलं होतं. उंची पलंगासाठी, असं म्हणाल्या. आई वारली म्हटल्यावर हळहळल्या आणि म्हणाल्या, बरं, मग हरकत नाही. म्हातारी माणसं काय, बोलायला विषय लागतो. रात्री तांबूस कांद्याच्या भातावर तळलेला मासा होता. दोनदा वाढून घेतला.

रविवार, ६ ऑक्टोबर

जुन्या डब्यात दोन डिस्क निघाल्या, दोन्ही एकाच रुंद पट्टीच्या केबलला. नव्या बोर्डावर या पट्टीची खाचच नसते. म्हणून मधे अडॅप्टर लावायचा: काडेपेटीएवढा हिरवा तुकडा, एका बाजूने जुन्या डिस्कच्या सुयांवर बसतो, दुसऱ्या बाजूने नवी बारीक केबल घेतो. दुभाषाच म्हणा ना.

पहिली डिस्क दिसेचना. मग लक्षात आलं, ही दुय्यम ठरवलेली आहे. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या की एक मुख्य, एक दुय्यम, आणि ते ठरवायला मागे तांदळाच्या दाण्याएवढं टोपण असतं. अडॅप्टर मोठा मानी, फक्त मुख्य डिस्कशीच बोलतो. टोपण चिमट्याने काढताना निसटलं आणि मी, उद्याचा बाप, हाज्जांच्या गालिच्यावर रांगत राहिलो. बय्यूमीकाका म्हणजे इथला म्हातारा माळी, तो खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं नमाज पढतोय, बिचारा चप्पल काढून थांबला.

डिस्क चालली. गाणी, फोटो. रऊफ बारीक, कुरळ्या केसांचा, प्रत्येक फोटोत डाव्या हातात काहीतरी धरलेलं. हाज्जा शेजारी बसून गाणी ऐकत राहिल्या. मला इंजिनियरसाहेब म्हणतात, ऐकायला बरं वाटतं.

दुसरी, मोठी डिस्क उद्या. तिच्यासाठी नवी कोरी डिस्क लावून ठेवलीय आणि बाजाराच्या रिवाजाने तिला माझं नाव दिलंय, हातिम. आमच्या गल्लीत एकेका टेबलावर चार-चार जणांच्या डिस्क पडलेल्या असतात. कोऱ्या डिस्कला आपलं नाव द्यायचं, म्हणजे शेजारचा उचलत नाही. गिऱ्हाइकाला देताना नाव पुसायचं. इथे उचलायला कोणी नाही, पण हाताला वळण पडलंय.

सोमवार, ७ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नियम साधा आहे. जुनी डिस्क जोडली असेल तर मशीनला आधी बजावून ठेवायचं की तिच्यावरून उठायचं, म्हणजे सुरू व्हायचं, नाही. दुकानात काल लागलेल्या माणसालाही हे कळतं. मी बटण दाबलं आणि मग आठवलं की बजावलंच नाही. मशीन जुन्या डिस्कवरून उठलं.

तसं घाबरण्याचं कारण नव्हतं. वीस वर्षांपूर्वीची विंडोज नव्या बोर्डावर उभी राहत नाही, निळा पडदा दाखवते आणि मरते. हजारदा पाहिलंय. ही मेली नाही. रऊफचा फेरीबोटीचा फोटो पडद्यावर आला, सुरुवातीची ती जुनी धून वाजली. कोपऱ्यात फुगे येऊ लागले: नवीन उपकरण सापडलं. पडदा सापडला, आवाज सापडला. नवी सून स्वयंपाकघरातले डबे उघडून बघते तसं एकेक चाललं होतं. शेवटी म्हणाली, अनोळखी उपकरण. मी सगळ्या केबल तपासल्या. जास्तीचं काहीही जोडलेलं नव्हतं.

घड्याळात २००४ साल. हेही चूक. तारीख बोर्डात असते, डिस्कमध्ये नसते, आणि बोर्ड मी परवा खोक्यातून काढलाय.

धून ऐकून हाज्जा पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. मी अवघडून उभा. बाईचं दुःख मोठं आहे, म्हणून चेहरा सोडवून घेतला नाही. गालावरचं पीठ नंतर धुतलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मोठी डिस्क टकटक आवाज करते. म्हणजे आजाऱ्याची घरघर लागलीय, फार दिवसांची सोबत नाही. हाज्जांना समजावलं की फाइली निवडत बसण्यापेक्षा अख्खी डिस्कच जशीच्या तशी नव्यावर उतरवून घेऊ, मग जुनी जपून कपाटात ठेवा. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वस्तू जुनी झाली म्हणून कोणी टाकतं का, पोरा? तिला नवं घर दिलं की पुन्हा चालते."

प्रत सुरू केली. कुठून: रऊफ. कुठे: हातिम. पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकतेय, आठवडा घेईल. शुक्रवारी जाऊन परत यावं लागणार.

तेवढ्यात फुगा आला: हातिम सापडला. वापरासाठी तयार. मी हसलो. डिस्कला नाव मीच दिलंय ना.

दुपारी हाज्जा व्हरांड्यात रमजानचा कंदील टांगत होत्या. मी म्हटलं, रमजान तर वसंतात होऊन गेला, आता पुढचा वसंत. त्या हसून म्हणाल्या की तुला दिवस कधी मोजता आलेत, पुढच्या आठवड्यात, पंधरा तारखेला पहिला रोजा. बय्यूमीकाका पाला झाडत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला की साहेब, बॅग उचला आणि आत्ताच्या बोटीने निघा, तो कंदील पेटायच्या आत. मी म्हटलं, काका, काम अर्धं टाकून जाणारा माणूस नाही मी. त्याने खांदे उडवले.

आमच्या दुकानाच्या गल्लीचं नाव लिहायचं होतं इथे. आठवेना. दिवसभर पडद्यापुढे बसल्यावर होतं असं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मोबाइल माझं बोट ओळखत नाही. हात धुतले, पुसले, काच पुसली. बोट दुसऱ्याचं असल्यासारखा नाकारतो. नंबर टाकून उघडावा तर नंबर आठवत नाही. रोज पन्नासदा टाकलेला नंबर.

जेवायला कोळंबी होती. मला कोळंबी चालत नाही, अंगभर गांधी उठतात, एकदा मरतामरता वाचलोय. ताट संपल्यावर हे आठवलं. काहीच झालं नाही. हाज्जा म्हणाल्या, लहानपणापासून आवडतेच तुला.

मागच्या पेरूवर चढून फळं काढली. तिसरी फांदी कुजकी आहे म्हणून तिच्यावर पाय दिला नाही. कुजकी आहे हे मला कोणी सांगितलं?

हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय. आत्ता दिसलं.

प्रतीची पट्टी निम्म्यावर आहे. आता कळतंय काय चाललंय. लिहायला लाज वाटते, नशवा वाचून हसेल. पण मी स्वतःच्या हाताने सांगितलं मशीनला, रऊफ उचल आणि हातिमवर उतरव. उद्या निघतोच. मशीन गेलं खड्ड्यात.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

निघालो. बॅग घेऊन, कोणाला न सांगता, दुपारच्या नमाजाला सगळे मशिदीत असताना.

बोटीत बसेपर्यंत ठीक होतं. पलीकडे उतरलो, बसच्या खिडकीपाशी गेलो. तिकिटवाल्याने विचारलं, कुठे. मी तोंड उघडलं आणि गावाचं नावच नाही. जिभेवर नाही, डोक्यात नाही. म्हटलं, जिथे जत्रा भरते, जिथे भाजलेल्या चण्यांचा हलवा मिळतो. रांगेतले लोक हसले. तिकिटवाला म्हणाला की चणे खायचे तर समोरच्या गाड्यावर खा भाऊ, त्याला बस कशाला. खिशात ओळखपत्र होतं, त्यावर गाव असणार, म्हणून काढलं. फोटोतला माणूस कोण ते कळेना. नाव वाचलं, पत्ता वाचला, आणि मान वर करेपर्यंत दोन्ही विसरलो.

मग पाय वळले. मी वळवले नाहीत. पुन्हा बोट, पुन्हा हा काठ. फाटकात हाज्जा उभ्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जेवण निवतंय.

वहीची पहिली पानं वाचली. तांता. तांता. तांता. हातावर लिहून ठेवलं.

पाचावर धारण बसली आहे. नशवा जेवायला थांबली असेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

केबल उपटली. सरळ अडॅप्टरच ओढून काढला.

त्यानंतरचं मला ठाऊक नाही. काका सांगतो की मी अंगणात उभा होतो, तोंड उघडं, डोळे उघडे, हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. माश्या तोंडावर बसत होत्या. भर उन्हात, दुपारपासून तिसऱ्या प्रहराच्या अजानपर्यंत. मग हाज्जांनी आत जाऊन अडॅप्टर बसवला. त्यांना येतो बसवता. मी खोकलो आणि पाणी मागितलं.

हे मला आधीच कळायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला आम्हीच बजावतो, प्रत मधे तोडू नका. अर्धी उतरलेली डिस्क ना जुनी असते ना नवी. तिच्यावरून काहीच उठत नाही.

म्हणजे तोडली तर मी कोणीच नाही. चालू ठेवली तर रऊफ.

ही वही हीच आता माझी प्रत. लिहून ठेवतो. नाव हातिम. गाव तांता. बायको नशवा, डाव्या भुवईवर व्रण, चिडली की फणकारत नाही, गप्प होते. लेक होणार आहे. लेकीचं नाव—

नाही. शब्द दिलाय. जन्मायच्या आधी नाही. ते डोक्यात आहे, पक्कं आहे. रोज सकाळी मनात म्हणून बघतो.

रविवार, १३ ऑक्टोबर

नव्या डिस्कचं नाव बदलायचा प्रयत्न केला. हातिम पुसायचं, काहीही लिहायचं, दगड, धोंडा, काहीही. प्रत चालू असताना बदलता येत नाही. माहीत होतं. तरी केला.

मोबाइल वाजला. उचलायला बोटाचा ठसा लागत नाही, उचलला. नशवा. एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, मी बोलतोय. ती म्हणाली, हातिमला द्या. म्हटलं, अगं मीच. ती म्हणाली की तुम्ही कोण आहात, माझ्या नवऱ्याचा फोन तुमच्याकडे कसा, तो बरा आहे ना. मी ओरडलो. माझा आवाज मला ऐकू आला. बारीक, जरा नाकातला. फोटोतल्या त्या पोराला शोभेल असा.

ती म्हणाली, पत्ता आहे माझ्याकडे, येते.

नको येऊस. पोट घेऊन एवढ्या लांब. ये. नको.

सोमवार, १४ ऑक्टोबर

काकाला सांगितलं, फाटक उघड. तो म्हणाला, रऊफबेटा, आईचा हुकूम आहे. रऊफबेटा. तोही.

फाटकाला साखळी. हाज्जा म्हणतात, त्या दिवशी रमजानची कतायेफ मिठाई आणायला म्हणून गेलास, पलीकडच्या काठाला, आणि बोटीवरून— आज नको. आजचा दिवस घरातच. आज गेला की मग कुठेही जा.

भिंतीवरून उडी मारली असती. कुंपणाची भिंत माझ्या छातीइतकीच आहे. उभा राहिलो, हात टेकले. पाय उचलत नाहीत. घरात राहायचं असतं तेव्हा चालतात.

प्रत थांबलीय. अगदी शेवटाशी. डिस्कवर एक खराब जागा आहे, मशीन तीच तीच वाचायला बघतं, टक टक टक, मागे येतं, पुन्हा. दुकानात अशा जागेला आम्ही शिव्या देतो. आज मी तिच्यापुढे बसून दुआ मागितली. थांब. अशीच थांब.

बाकी सगळं गेलं. पाच तारखेचं पान वाचलं. हा कोण गमत्या माणूस, सीगलशी बोलणारा. त्याची बायको कोण. पण लेकीचं नाव आहे. तेवढं आहे. बाकी काही नाही आणि मधोमध ते आहे. खराब जागेमुळे वाचलंय, मला माहीत आहे, त्याच्यावर लिहायला रऊफकडे काही नाही.

लिहून ठेवू का.

दृष्ट लागेल. उद्या.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

मंगळवार. नाही, शुक्रवार. पहिला रोजा. कंदील पेटलाय, भर दुपारी. आईने जर्दाळूचं सरबत भिजत घातलंय. सूर्यास्ताची तोफ झाली की पिऊ. तोंड कोरडं पडलंय, बरं वाटतंय. घर बोलकं झालं असं आई म्हणते.

फाटकात एक बाई आलीय. पोटुशी. दमलेली. हातात खाऊचा पुडा, चण्यांचा वास.

काकाने सांगितलं, चुकीचं घर. आईने सांगितलं, असा कोणी इंजिनियर आला नव्हता. बाई त्यांच्याकडे बघत नव्हतीच, माझ्याकडे बघत होती. तिची नजर माझ्या शर्टावर होती. म्हणाली, हा शर्ट मी शिवलाय. मी जवळ गेलो. मी म्हणालो की या घरात हातिम नावाचं कोणी नाही. खोटं नव्हतं ते. आवाज ऐकून ती मागे सरली.

डाव्या भुवईवर व्रण.

फणकारली नाही. गप्प झाली. गज धरून उभी. मग एकच विचारलं, "लेकीचं नाव काय ठरलं होतं आपलं? तेवढं सांग. मग मी जाते."

मला माहीत आहे.

बोलायला गेलो, जीभ त्याची. वळतच नाही. पळत आत आलो, वही घेतली. ती बाहेर थांबलीय. आई दार लावून घे म्हणतेय. पेन उजव्या हातात घेतलंय, हा अजून माझा आहे, अक्षर वेडंवाकडं पण माझं—

टकटक थांबली.

मशीन वाचतंय. जागा सापडली त्याला. पट्टी सरकतेय—

दृष्ट लागायची ती लागो. नशवा, थांब, जाऊ नकोस, लिहून आणतो, कागद गजातून देतो, तू ओळखशील. आपल्या लेकीचं नाव